'क्लेम' कोणी केला?



नवरा आणि सासरच्यांविरुद्ध पोलिसांत तक्रार दिलेल्या एक बाई आमच्या समुपदेशन केंद्रात येतात. त्यांची बातमी एका इंग्रजी वृत्तपत्रात आली. कॉलेजात जाणाऱ्या मुलीने ती वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी बाई कात्रण घेऊनच आल्या. "ताई, यात मी 'क्लेम' केला असं लिहिलंय. क्लेम तर विम्याचा असतो. मी कुठे पैसे मागितले?"

बातमी पुन्हा वाचली. पोलीस अधिकारी 'सेड', म्हणजे म्हणाले. दीरही 'सेड'. 'क्लेम' एकट्या बाईंच्या वाट्याला.

इंग्रजीत या क्रियापदाला कामे अनेक. जमिनीवर हक्क सांगायचा तर 'क्लेम', विम्याची रक्कम मागायची तर 'क्लेम', पुराने बळी घेतले तरी 'क्लेम'. पण कोणाच्या बोलण्याला ते जोडले की अर्थ होतो, 'ही असे म्हणते खरी, पण आमची खात्री नाही.' म्हणूनच पत्रकारितेच्या शिक्षणात हा शब्द जपून वापरा, साधे 'सेड' पुरते, असे शिकवले जाते. आपली मराठी वृत्तपत्रेही मागे नाहीत. तिथे 'दावा केला' असते, 'कथित मारहाण' असते.

यावर पत्रकार मित्रमैत्रिणी म्हणतात, निकाल लागण्यापूर्वी कोणाला गुन्हेगार कसे ठरवायचे? रास्त आहे. ते आपणही मागत नाही. परंतु गुन्हा घडला की नाही हा न्यायालयाचा प्रश्न. बाईने तक्रार दिली, तीत अमुक म्हटले, ही मात्र घडलेली गोष्ट आहे. 'तिने तक्रारीत म्हटले आहे' एवढ्या शब्दांत आरोपीवर अन्याय होत नाही आणि तिच्यावरही नाही. आणि शंका घेणे हा पत्रकाराचा धर्मच असेल, तर तो सर्वांना सारखा लावावा. कोठडीतील मृत्यूविषयी पोलीस जे सांगतात, तेही मग 'क्लेम'च लिहावे.

बाईच्या शब्दाला वजन किती, हा वाद आपल्या चळवळीला नवा नाही. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार झाली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी ठरवले. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, म्हणून तिचे म्हणणे मानले गेले नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्कारासारख्या प्रकारांत, संबंध सिद्ध झाल्यावर 'माझी संमती नव्हती' असे तिने साक्षीत सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, अशी तरतूद आली. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. म्हणजे कायद्याच्या लेखी काही ठिकाणी तरी ती 'सांगते'. वृत्तपत्रात मात्र ती अजून 'दावा करते'.

एका क्रियापदाने काय बिघडते, असे कोणी विचारेल. बिघडते ते वस्तीत. ती बातमी शेजारी वाचतात, सासरचे वाचतात. "पेपरवाल्यांनाही हिचं खरं वाटत नाही," एवढे म्हटले की तक्रार मागे घेण्याचा दबाव वाढतो. या बाईंवर तो आजही आहे.

म्हणून एक काम आपण सर्वजणी करू या. पुढील तीन महिने आपापल्या गावच्या वृत्तपत्रांतील अशा बातम्यांची कात्रणे ठेवा. कोण 'म्हणाले' आणि कोणी 'दावा केला', त्याखाली रेघ ओढा. ती घेऊन गटाने संपादकांना भेटा. भांडायला नव्हे, दाखवायला. आम्हालाही पाठवा.

बाईंना आम्ही क्लेमचा अर्थ सांगितला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "हक्क सांगणे असाही अर्थ आहे ना? मग तो तरी खरा आहे."