छडी नको, बोलायला शिकवा



‘मुलांना धाकच उरला नाही’ हे वाचकपत्र वाचले. शाळेत भांडणे होतात हे खरे, पण त्या पत्रातला छडीचा उपाय पटत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ नुसार ती बेकायदा आहेच. शिवाय छडीने मूल गप्प बसते, भांडण मात्र मनात धुमसत राहते.

चाकणच्या माझ्या वर्गात खेड, नांदेड, बिहारची मुले एका बाकावर बसतात. परवा डबा सांडल्यावरून दोघे हातघाईवर आले. अशा वेळी आमच्या वर्गाचा नियम एवढाच: एकाने सांगायचे, दुसऱ्याने मध्ये न बोलता ऐकायचे आणि ऐकलेले परत सांगायचे. ‘‘त्याला मागून धक्का लागला,’’ हे स्वतःच्या तोंडून म्हणताच ऐकणाऱ्याचा आवाज खाली आला. दोघांनी मिळून फरशी पुसली.

२००९ मध्ये बीडच्या जिल्हा परिषद शाळांत सुरू झालेला ‘मूल्यवर्धन’ उपक्रम जोडीने, गटात बोलण्यावरच उभा आहे. मोठ्यांसाठी तर २००७ पासून गावोगावी तंटामुक्ती समित्या आहेत. मोठ्यांना समेटाची संधी, मग मुलांनाच छडी का?

आईवडिलांनाही यात घ्यायला हवे. इथल्या अनेक कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. म्हणून पालकसभा शनिवारऐवजी गुरुवारी संध्याकाळी ठेवा.

– एक शिक्षिका, चाकण