सही रोग्याची, गुन्हा कंपनीचा

आपल्याकडील जुनी खरेदीखते आणि कर्जरोखे ज्यांनी पाहिले असतील त्यांना त्यातील दोन पात्रे आठवत असतील: 'लिहून घेणार' आणि 'लिहून देणार'. लिहून देणारा नेहमीच 'अक्कलहुशारीने व राजीखुशीने' लिहून देत असे. घरात दाणा नसताना सावकाराच्या ओटीवर अंगठा उठवणारे कूळही राजीखुशीनेच उठवत असे, आणि गिरणीच्या दरवाजाशी ताटकळणारा बदली कामगारही राजीखुशीनेच मिळेल ती मजुरी पत्करत असे. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही त्याच्या होकाराला करार म्हणावयाचे, ही भांडवली कायद्याची जुनी रीत आहे. ती आता दवाखान्यात पोहोचली आहे. तेथे लिहून घेणार डॉक्टर आहे आणि लिहून देणार आहे वेदनेने पिचलेला रोगी.

२०२३ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात मुलीकडे काही महिने मुक्काम होता. शेजारी साठीचे एक गृहस्थ राहत. गोदामात माल चढवण्या-उतरवण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली आणि त्याच कामात पाठीचा कणाही गेला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण दुखणे हटले नाही. बारा-तेरा वर्षे ते डॉक्टरांनी दिलेल्या अफूजन्य वेदनाशामक गोळ्यांवर होते. त्या गोळ्यांच्या आधाराने ते स्वतःचा स्वयंपाक करीत, दुकानापर्यंत चालत जात, संध्याकाळी अंगणात बसत. याहून अधिक त्यांना आयुष्याकडून काही नको होते. मी अर्थशास्त्र शिकवीत असे हे कळल्यावर त्यांनी एके दिवशी घरातून एक कागद आणून माझ्या हाती ठेवला आणि याचा अर्थ सांगा म्हणाले. तो 'वेदनाशामक औषधांचा करारनामा' होता.

कलमे स्वच्छ होती. औषध एकाच डॉक्टरकडून आणि एकाच दुकानातून घेईन. गोळ्या हरवल्या वा चोरीस गेल्या तरी बदली मागणार नाही. मुदतीआधी औषध मागणार नाही. सांगाल तेव्हा लघवीची तपासणी करून देईन. बोलावणे आल्यास उरलेल्या गोळ्या बाटलीसह मोजणीस हजर करीन. यातील एकही अट मोडल्यास उपचार थांबवण्याचा अधिकार दवाखान्यास राहील. मी तो कागद दोनदा वाचला. अमुक वेळ देईन, वेदना ऐकून घेईन, औषध एकाएकी तोडणार नाही, संशय आला तर शिक्षेपूर्वी खुलासा विचारीन, असे डॉक्टरच्या वतीने एकही कलम त्यात नव्हते. सगळी वचने एकाची, सगळे अधिकार दुसऱ्याचे. अर्थ काय सांगावयाचा? 'याला आमच्याकडे कर्जरोखा म्हणतात,' एवढेच मी म्हणालो.

त्या वर्षी त्यांच्यावर दोनदा बालंट आले. बहिणीच्या अंत्यविधीसाठी ते दुसऱ्या राज्यात गेले असताना गोळ्यांच्या मोजणीचे बोलावणे आले. ठरल्या वेळी पोहोचता आले नाही, म्हणून नावापुढे नोंद झाली. पुढे लघवीच्या तपासणीत त्यांना दिलेल्या औषधाचा अंशच सापडला नाही, म्हणून गोळ्या विकत असल्याचा संशय त्यांच्यावर आला. वस्तुस्थिती अशी की, प्राथमिक स्वस्त तपासणी मुख्यतः मॉर्फीन आणि कोडीन ओळखते. त्यांना मिळणारे ऑक्सिकोडोन तिला पुष्कळदा दिसतच नाही. हे कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात आहे. पण खातरजमेची दुसरी तपासणी होऊन ते निर्दोष ठरेपर्यंत तीन आठवडे गेले, आणि ते त्यांनी बहुतांशी अंथरुणातच काढले.

त्यांचे एक वाक्य मनातून जात नाही. ते म्हणाले, 'जास्त दुखते म्हटले तर व्यसनी ठरतो, कमी दुखते म्हटले तर डोस कापतात. म्हणून नेहमी मधलाच आकडा सांगतो.' ज्या खोलीत रोग्याने मोकळेपणी खरे बोलावे तेथेच त्याला खोटे बोलण्यास शिकवणारी ही व्यवस्था आहे, आणि तिला उपचार म्हणतात!

हा संशय आला कोठून? १९८० साली एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात पाच वाक्यांचे एक पत्र छापून आले. रुग्णालयात अफूजन्य औषधे दिलेल्या ११,८८२ रुग्णांपैकी केवळ चौघांत व्यसनाची नोंद आढळली, एवढाच त्याचा मजकूर होता. दीर्घकाळ घरी गोळ्या घेणाऱ्यांविषयी त्यात चकार शब्द नव्हता. परंतु हेच पत्र पुढे शेकडो लेखांत पुरावा म्हणून मिरवले गेले. १९९६ साली पर्ड्यू फार्मा या कंपनीने ऑक्सिकॉन्टिन बाजारात आणले आणि ते कमी व्यसन लावणारे असल्याचा प्रचार विक्रेत्यांच्या फौजेमार्फत डॉक्टरांच्या गळी उतरवला. २००७ साली कंपनीच्या एका शाखेने आणि तीन उच्चाधिकाऱ्यांनी दिशाभुलीचा गुन्हा कबूल केला. दंड सुमारे ६३ कोटी डॉलर. तुरुंगात मात्र एकही जण गेला नाही. २०२० साली कंपनीने पुन्हा गुन्हे कबूल केले. दरम्यान २००८ ते २०१७ या काळात मालक सॅक्लर कुटुंबाने कंपनीतून १,००० कोटी डॉलरहून अधिक रक्कम काढून घेतली होती. या कुटुंबाला पुढील दाव्यांपासून अभय देणारी तडजोड अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली फेटाळली, तीही पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने.

ज्यांनी गुन्हा कबूल केला त्यांच्या लघवीची तपासणी झाली नाही. त्यांच्या नोटा मोजण्यास कोणी चोवीस तासांच्या बोलावण्यावर बोलावले नाही. कंपन्यांनी पेरलेल्या विषाचा हिशेब चुकता करण्याची पाळी आली, तेव्हा तो गोदामातल्या हमालाच्या गोळ्यांच्या बाटलीतून वसूल करण्यात आला.

२०१६ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या. मॉर्फीनच्या मापाने दिवसाला ९० मिलिग्रॅमच्या पुढे जाणे टाळावे, असा त्यात सल्ला होता. सल्लाच तो, पण राज्यांनी, विमा कंपन्यांनी आणि औषधांच्या दुकानांनी त्याचा दंडक केला. वर्षानुवर्षे स्थिर डोसवर असलेल्यांची औषधे झपाट्याने कापली गेली. २०१९ साली तेथील औषध प्रशासनालाच इशारा द्यावा लागला की, औषध असे एकाएकी तोडल्याने असह्य वेदना, मानसिक हाल आणि आत्महत्याही ओढवत आहेत. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही डोस कमी केलेल्या रुग्णांत अतिसेवनाच्या आणि मानसिक संकटाच्या घटना अधिक आढळल्या. २०२२ साली केंद्राने जुन्या सूचना सुधारल्या आणि ठोकळेबाज मर्यादा गाळल्या. आमच्या शेजाऱ्यांचा करारनामा मात्र २०२३ सालीही जुनाच होता. सूचना सुधारतात, भीती सुधारत नाही.

एवढे करून माणसे वाचली काय? अमेरिकेत अफूजन्य औषधांच्या चिठ्ठ्या २०१२ साली सुमारे २५.५ कोटी होत्या. २०२० साली त्या सुमारे १४.२ कोटींवर आल्या. त्याच काळात अमली पदार्थांच्या अतिसेवनाचे वार्षिक मृत्यू सुमारे ४१ हजारांवरून वाढत गेले आणि २०२१ साली त्यांनी एक लाखाचा आकडा ओलांडला. पुढे हा आकडा उतरला, तरी २०२४ सालीही तो २०१२च्या जवळजवळ दुप्पट होता. या वाढीचे मुख्य कारण चोरट्या बाजारातले फेंटानिल. म्हाताऱ्या हमालाच्या बाटलीतल्या गोळ्या मोजून ते अडणार नव्हते. करारनामे आणि लघवी-तपासण्यांनी गैरवापर घटतो याचा पुरावा दुबळा आहे, हे २०१० सालीच उपलब्ध संशोधनाचा आढावा घेणाऱ्यांनी सांगून ठेवले होते. रोग्याला मात्र फायदा झाला नाही म्हणून कोणालाच झाला नाही, असे समजू नये. संशयाचीही बाजारपेठ होते. अनावश्यक लघवी-तपासण्यांची बिले सरकारी योजनांवर लादल्याच्या आरोपांसह इतर आरोप मिटवण्यासाठी मिलेनियम हेल्थ या प्रयोगशाळा-कंपनीला २०१५ साली २५ कोटी ६० लाख डॉलर मोजावे लागले. आधी गोळीवर नफा, मग गोळी घेणाऱ्याच्या लघवीवर नफा!

माझ्या विषयाचे एक जुने सत्य येथे सांगितले पाहिजे. केनेथ ॲरो हे काही समाजवादी गोटातले अर्थशास्त्रज्ञ नव्हते. १९६३ सालच्या प्रसिद्ध निबंधात त्यांनी दाखवून दिले की, वैद्यकीय सेवा इतर मालासारखी विकता येत नाही. डॉक्टरला जे कळते ते रोग्याला कळत नाही. ही विषमता भरून काढण्यास बाजार असमर्थ असतो आणि त्याची जागा विश्वासाला घ्यावी लागते. बाजाराच्या या थोर अभ्यासकाचे म्हणणे बाजाराच्या भक्तांनी ऐकले असते, तर हा कागद जन्मालाच आला नसता. विश्वास संपला की करार येतो, आणि करार आला की उरलासुरला विश्वासही जातो.

आपल्यातील काही साथी येथे विचारतील की, औषध घातक आहे, मग नियंत्रण नको काय? प्रश्न रास्त आहे. अफूजन्य औषधांनी व्यसन जडते, श्वास मंदावून मृत्यू येतो, हे खरे आहे. पाठीच्या आणि सांध्यांच्या जुनाट दुखण्यावर ही औषधे इतर साध्या औषधांहून सरस ठरत नाहीत, असे २०१८ सालच्या एका वर्षभर चाललेल्या चाचणीत दिसून आले. तेव्हा सर्वांना ती वाटावीत असा माझा मुळीच आग्रह नाही. डॉक्टरने धोके समजावून सांगावेत, रोग्याने समजून होकार द्यावा, दोघांनी मिळून डोस कमी करता येतो का हे सावकाश पाहावे, याला संमती म्हणतात आणि ती हवीच. संमतीत माहिती रोग्याकडे जाते; या करारात ती रोग्याकडून काढून घेतली जाते, प्रसंगी त्याच्याविरुद्ध वापरण्यासाठी. शिवाय जो खरोखर व्यसनात सापडला आहे त्यालाच तर उपचाराची सर्वांत अधिक गरज. करारनामा नेमका त्यालाच दारातून हाकलतो.

डॉक्टरांनाही सरसकट खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. परवाना जाण्याची टांगती तलवार, विमा कंपनीने आखून दिलेली दहा-पंधरा मिनिटे, आणि व्यायामोपचार किंवा मानसोपचार यांचे पैसे भरण्यास नकार देणारी विमा-व्यवस्था, अशा कात्रीत डॉक्टर उभा आहे. गोळी स्वस्त, माणसाचा वेळ महाग. म्हणून प्रथम गोळी दिली गेली. गोळी बदनाम झाल्यावरही वेळ महागच राहिला. म्हणून आता कागद दिला जातो.

हे सारे अमेरिकेतले, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. अतिपुरवठ्याच्या पोटी तेथे जे घडले, ते आपल्याकडे टंचाईच्या रूपाने आधीच घडले आहे. नीमच-मंदसौरच्या शेतात सरकारी परवान्याने अफू पिकते, गाझीपूर आणि नीमचच्या सरकारी कारखान्यांत तिच्यावर प्रक्रिया होते आणि पिढ्यान्पिढ्या ती परदेशी जात आली आहे. त्याच देशात १९८५चा अमली पदार्थविरोधी कायदा आला आणि परवान्यांच्या जंजाळामुळे व शिक्षेच्या धाकामुळे १९९७पर्यंत मॉर्फीनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला. कर्करोगाचे रोगी किंचाळत मेले, कारण स्वस्तातले मॉर्फीन ठेवण्याची दुकानदाराला भीती आणि लिहून देण्याची डॉक्टरला. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली खरी. पण मॉर्फीनच्या नावाने बिचकण्याची सवय दुरुस्तीने जात नाही. २०१७ साली लॅन्सेट आयोगाने जगाचा हिशेब मांडला: वर्षाला वाटल्या जाणाऱ्या २९८.५ टन मॉर्फीनतुल्य औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येते ०.१ टन. एकीकडे पूर, दुसरीकडे दुष्काळ. आणि दोन्हीकडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केलेला रोगीच.

तिसरा मार्ग नाही असे मात्र नाही. केरळात १९९३ साली कोझिकोडला डॉक्टर आणि स्वयंसेवक एकत्र आले. घरोघर जाऊन त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली आणि मॉर्फीनही दिले. तेथील दोन वर्षांतील सतराशेहून अधिक रुग्णांचा अनुभव २००१ साली लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाला: औषधाचा गैरवापर वा ते चोरट्या बाजारात गेल्याचा एकही प्रकार आढळला नाही. ते रोगी बहुतेक कर्करोगाचे होते आणि जुनाट पाठदुखीचा प्रश्न निराळा आहे, हे मान्य. पण औषधाचा सांभाळ कशाने झाला हे पाहण्यासारखे आहे. दारात येणारी, नावाने हाक मारणारी माणसे तेथे होती. २००८ साली केरळ सरकारने या कामाला धोरणाचे रूप दिले.

तेव्हा आपली मागणी स्पष्ट असली पाहिजे. नियंत्रण हवे ते औषध बनवणाऱ्यांच्या जाहिरातीवर, त्यांच्या नफ्यावर आणि डॉक्टरांना वाटल्या जाणाऱ्या भेटींवर. सार्वजनिक दवाखान्यात वेदनेवर उपचार हवेत. त्यात औषधाबरोबर व्यायामोपचार हवेत आणि ऐकून घेण्यास पुरेसा वेळ हवा. मॉर्फीन जिल्हा रुग्णालयापर्यंत पोहोचले पाहिजे. आणि आपल्याकडे वाढत चाललेल्या खासगी रुग्णालयांतून उद्या असा करारनामा पुढे आला, तर आपल्या कार्यकर्त्याने रोग्याच्या शेजारी बसून पहिला प्रश्न विचारावा की, यात तुम्ही काय लिहून देता?

ओहायोच्या त्या गृहस्थांनी तो कागद परत घेतला आणि नीट घडी घालून खिशात ठेवला. पुढल्या महिन्यात त्यावर पुन्हा सही करावयाची होती.