पद्मिनीचे पाटे भंगारात टाकू नका

हुबळी-धारवाडकडे अजूनही काही घरांच्या मागच्या बाजूला एखादी पद्मिनी ताडपत्रीखाली उभी असते. वडिलांची गाडी. विकवत नाही आणि चालवताही येत नाही. ती पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरले की घरात पहिली चर्चा होते रंगाची. मी म्हणेन, आधी गाडीखाली वाकून पाहा.

ही मूळची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती कुर्ल्याच्या कारखान्यात बनवली. आधी ‘डिलाइट’, मग ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. मोठे गिऱ्हाईकच गेल्यावर दुकानदार सुटे भाग कशाला भरून ठेवील? म्हणून गाडीतून निघालेला जुना भाग आता मोलाचा.

या गाडीला पुढे दोन्ही चाकांना स्वतंत्र कॉइल स्प्रिंगा आणि मागे पाटे आहेत. वेगळी चेसी नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार सोसतो. आमच्या गाडीच्या वेळी एका गॅरेजात सल्ला मिळाला, ‘आपल्याकडचे रस्ते असे, मागे एक जादा पाटा घाला.’ ऐकायला बरे वाटते. पण पाटा वाढला की गाडीची शेपटी वर जाते, दिव्यांचा झोत खाली पडतो आणि जो धक्का स्प्रिंगने गिळायचा तो थेट पत्र्याला बसतो. पत्रा आधीच गंजलेला असेल तर पाटा जिथे अडकवतात तिथेच तो फाटतो. आपल्या काळ्या मातीवरचे रस्ते पावसाळ्यानंतर कसे लाटांसारखे होतात, हे वाचकांना सांगायला नको.

म्हणून आम्ही मूळचेच भाग पुन्हा बसवायचे ठरवले. आमचे मेस्त्री वयाने सत्तरीचे. पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘सावकाश बिच्च्री, अवसर माडब्याड्री.’ सावकाश हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत एकच, आणि या कामाचे सारही तेच. डावा-उजवा भाग वेगळ्या डब्यात ठेवायचा, वर चिठ्ठी लावायची. बोल्टाखाली पातळ चकत्या निघाल्या तर कुठून किती निघाल्या ते लिहून ठेवायचे, कारण चाकाचा कल त्यांच्यावर ठरतो. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. ते काम योग्य हत्याराशिवाय घरी करू नये.

मूळचे म्हणजे सगळेच जुने, असे मात्र नाही. पोलादी आर्म, स्प्रिंगा, पाटे घासून-पुसून तपासावेत. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगांची मोकळी उंची सारखी असावी. बसलेल्या पाट्याला जाणता कारागीर पुन्हा बाक देऊ शकतो, पण चीर गेलेला पाटा कितीही मूळचा असला तरी बाद. रबरी बुश, यू-बोल्ट आणि स्प्लिट पिना नव्याच घ्याव्यात. तिथे जुन्याचा मोह नको, त्या गाडीत आपलीच मुले बसणार असतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळ ठिकाणी चुकते. पाट्याच्या टोकांचे रबरी बुश गाडी जॅकवर असतानाच घट्ट आवळले जातात. मग गाडी खाली आली की रबर पिळलेल्या अवस्थेत राहते आणि लवकर फाटते. आधी बोल्ट हातानेच लावावेत, गाडी चाकांवर उतरवावी, थोडी हलवावी आणि मगच आवळावे. शेवटी चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी.

कागदांचेही पाहा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते. पुढे तपासणी होऊन ५-५ वर्षांसाठी नूतनीकरण होते. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणूनही नोंदवता येते, पण मग ती रोजच्या वापरात आणता येत नाही. पद्मिनीतून दर श्रावणात सहकुटुंब सोमेश्वराला जायचे असेल, तर साधे नूतनीकरणच बरे.

आमच्या मुलांना या गाडीचा आवाज जुनाट वाटतो. पण खड्ड्यावरून जाताना ती जशी हळूच डुलते, त्याला तीही नावे ठेवत नाहीत. ती डुलण्याची लकब तिच्या स्प्रिंगांत आणि पाट्यांत आहे. रंग काय, पुन्हा केव्हाही देता येतो.