वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक: गुणांची बेरीज आणि विषयाची गरज

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात प्राध्यापकाची निवड होते, तेव्हा पुढील अनेक वर्षांच्या संशोधनाची दिशाही ठरत असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीने या पदाच्या थेट भरतीसाठी पीएच.डी., १० वर्षांचा अनुभव, किमान १० शोधनिबंध आणि १२० संशोधन-गुण आवश्यक ठरवले. शोधनिबंधाच्या मूळ गुणांत नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार ५ ते ३० गुणांची भर पडते.

ही मोजणी रेणवीय जीवशास्त्राला अनुकूल ठरते. रानोमाळ हिंडून वनस्पतींची ओळख पटवणाऱ्या वर्गीकरणतज्ज्ञाचे लेखन सामान्यतः कमी प्रभावांकाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध होते. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या पश्चिम घाटाला मात्र अशाच तज्ज्ञांची गरज आहे. असा तज्ज्ञ निवृत्त झाल्यावर त्याच शाखेतील उत्तराधिकारी न मिळाल्यास विभागातील वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह असूनही त्याचे जाणकार उरत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या मसुद्यात आयोगाने गुणांकनाऐवजी उल्लेखनीय योगदानाचा निकष सुचवला. ही दिशा स्वागतार्ह आहे. तथापि, योगदानाची पारख असणारे विषयतज्ज्ञ निवड समितीत नसतील, तर निकष बदलूनही निवड बदलणार नाही.