नमुना पहाटेचा घ्या

आम्ही कोरडवाहू, नदीचे पाणी आमच्या कपाशी-ज्वारीला मिळते कुठे? पण आमचे बैल पितात ते चुडामणीच्या डोहावरच. म्हणून वरूडला नदी तपासायला येणाऱ्या साहेबांना आमचे सांगणे आहे : नमुना पहाटे घ्या, आणि तोही मे महिन्यात, धार तुटल्यावर. उन्हात शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडते, रात्री तेच तो ओढून घेते. सांडपाणी कुजते त्यातही तो खर्ची पडतो. मासळी तडफडते ती उजाडायच्या आधी. दुपारी आकडा कसा गुटगुटीत!

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासळीच्या पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू लागतो. ओलिताच्या पाण्याला ही अटच नाही. (शेतकऱ्याच्या नावावर काय खपत नाही!) बाटलीत रसायन काठावरच टाका, वाटेत आकडा बदलतो. अन् तो गावासमोर फळ्यावर लिहा.