वाढवलेली बांगडी

मराठी घरांत बांगडी ‘फुटली’ असे म्हणत नाहीत. ‘वाढवली’ असे म्हणतात. या शब्दाचे मर्म नेकचंद यांनी जणू कृतीत उतरवले. चंडीगड उभारले जात असता ते तेथे रस्ते-निरीक्षक होते. पाडलेल्या खेड्यांतील फुटक्या फरश्या, बश्या व बांगड्या त्यांनी जमवल्या आणि एका ओसाड दरीत कित्येक वर्षे गुपचूप त्यांच्या मूर्ती व भिंती घडवल्या. जागा सरकारी असल्याने ती बाग मोडण्याचाही विचार झाला. परंतु लोकांनी तिचा कैवार घेतला व १९७६ साली ‘रॉक गार्डन’ सर्वांस खुली झाली.

नागपुरानेही हा धडा घ्यावा. ज्या नाग नदीवरून या नगराला नाव मिळाले, तिच्या पात्रात आज सांडपाणी वाहते. तिच्या काठच्या भिंतींवर अशी नक्षी शोभून दिसेल. रंगवलेले चित्र विदर्भाच्या उन्हात विटते. भट्टीत भाजलेल्या चिनी मातीचा रंग मात्र उन्हापावसाला दाद देत नाही.

तथापि, घाण झाकण्यासाठी केलेली सजावट ही स्वतःचीच फसवणूक होय. आधी सांडपाणी अडवावे, झाडू फिरवावा; मगच भिंतीला हात लावावा. आणि तो हात केवळ परगावच्या कारागिराचा नसावा. ज्या मुलाने आपल्या घरच्या फुटक्या बशीचा तुकडा त्या भिंतीत बसवला, तो तिच्या पायथ्याशी कचरा टाकणार नाही आणि दुसऱ्यालाही टाकू देणार नाही.