मुखवट्याचें नाक

गेल्या महिन्यांत आमच्या नातवानें वाचनालयांतून चित्रांचें एक मोठें पुस्तक आणिलें. रात्रीं जेवणें आटोपल्यावर सारी मंडळी ओटीवर त्याभोंवतीं जमली. एका पानावर लांकडी मुखवटा होता. नाक थेट कपाळाच्या मध्यापासून खालीं उतरलेलें; डोळे म्हणजे दोन आडव्या चौकोनी फटी; ओंठ पुढें काढलेले. पाहतांच आमच्या तोंडून शब्द गेले, "काय हा भेसूर अवतार!" नातू म्हणाला, "आजोबा, ज्यांनीं तो केला, त्यांनाही तसाच वाटला असेल का?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. शाळेंत संस्कृताबरोबर भूगोलाचाही तास आमच्याकडे असे. कांगोविषयीं मुलांकडून नदी, रबर आणि हस्तिदंत एवढींच नांवें आम्ही पाठ करून घेतलीं. तेथील माणसें धड्यांत नव्हतीं, आणि तीं कां नाहींत हें विचारावेंसें आम्हांस कधीं वाटलें नाहीं. उतारवयांत तें ऋण थोडें फेडावें, म्हणून चार दिवस तें पुस्तक आम्ही नीट वाचलें.

हा मुखवटा ल्वाल्वा लोकांचा. कांगोच्या दक्षिण भागांत कसाई नदीच्या आसपास आणि शेजारच्या अंगोलाच्या उत्तरेस त्यांची वस्ती आहे. कांगो 1960 सालीं बेल्जमच्या सत्तेंतून मुक्त झाला. परंतु त्यापूर्वींच अशा पुष्कळ वस्तू यूरोपांतील संग्रहालयांत जाऊन पडल्या होत्या. ब्रुसेल्सजवळील टेरव्ह्यूरेन येथील संग्रहालय त्यांपैकींच एक.

त्यांच्या मुखवट्यांचे मुख्य प्रकार चार, आणि ओळख बव्हंशीं नाकावरून! न्काकीचें नाक लांब, कपाळापर्यंत चढलेलें. शिफोलाचें आंखूड व आंकड्यासारखें वळलेलें. म्वोंडो हा तिसरा. हे तिन्ही पुरुषांचे. चौथी मुशिका, ही तेवढी स्त्री. तिच्या माथ्यावर केशरचनेचा उंचवटा असतो. "म्हणजे बाईची ओळख येथेंही केसांवरूनच!" असें आमच्या सूनबाई म्हणाल्या, तें खरेंच.

परंतु आम्ही थबकलों तें दुसऱ्याच एका गोष्टीपाशीं. मुखवट्याच्या नाकाखालीं एक लहान भोंक असतें. त्यांतून दोरी ओंवून नाचणारा ती दातांत धरी, म्हणजे मुखवटा हालत नसे. तो नाच मुलग्यांच्या सुंताविधीशीं निगडित असे. शिकार साधली नाहीं, तर पितरांना प्रसन्न करण्यासाठींही होत असे. दोरी दातांत असतां बोलणें कठीणच. जें सांगावयाचें तें पायांनींच. कांचेच्या कपाटांत नाक दिसतें, भोंकही दिसतें. ती दोरी धरणारे दांत मात्र दिसत नाहींत.

आणखी एक. मुखवटा घडविणाऱ्याला ल्वाल्वांमध्यें मोठा मान असे. त्याला मोबदला चांगला मिळे, आणि पुष्कळदां नाचाचा नायकही तोच होई. हें वाचलें आणि आम्हांस आमच्या गांवचा देवाचा रथ आठवला. तो कोरणाऱ्या सुताराला लोकांनीं अंगणांत उभें ठेवून, वरून हातावर पैसे टाकलेले आम्हीं लहानपणीं पाहिले आहेत. रथ निघाला तेव्हां तो गर्दींत मागें कोठें तरी होता. भेसूर कशास म्हणावें, हा विचार त्या रात्रीं आमच्या मनांतून जाईना.

पुस्तकाची मुदत परवां संपली. नातवानें तें परत न्यावयास काढलें, तेव्हां आम्हींच आणखी पंधरा दिवस वाढवून घे, असें त्याला सांगितलें.